नॅशनल पार्कचं तिकीट ठरवायचं कसं, आणि तो पैसा जंगलात पोचतोय हे बघायचं कसं

नॅशनल पार्कचं तिकीट वाढलं की मुंबईत दोनच सूर ऐकू येतात. एक, "लूट आहे नुसती, झाडं बघायला कसले पैसे", आणि दुसरा, "सरळ पाचशे करा, म्हणजे फालतू गर्दी कमी होईल". दोन्ही पार्ट्यांकडे हिशोब नसतो. आणि ज्यांच्याकडे हिशोब असतो ते फाइलच्या आत असतात, त्यांना कोणी विचारत नाही. तर हे गाइड मधल्या लोकांसाठी आहे, म्हणजे नेचर क्लबवाले, वॉकर्स ग्रुप, एएलएमची (वॉर्डातल्या रहिवाशांच्या नागरी गटांची) मंडळी, कॉलेजात पर्यावरणाचा प्रोजेक्ट करणारी पोरं, ज्यांना वनखात्याकडे "फी अशी अशी असावी" असं लेखी काहीतरी द्यायचंय आणि ते वाचून साहेबांनी बाजूला टाकू नये अशी इच्छा आहे. उदाहरण मी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचंच घेते, कारण आपल्या सगळ्यांना तेच माहितीये. पण पद्धत चांदोलीला किंवा अगदी ऐरोलीच्या फ्लेमिंगो बोटीलाही चालेल.

आधी खातं, मग आकडा

सगळेजण सुरुवात "किती रुपये?" पासून करतात. तो प्रश्न शेवटचा आहे. पहिला प्रश्न हा की खिडकीवर दिलेली नोट संध्याकाळी कुठल्या खात्यात जाते.

आपल्याकडे सरकारी महसूल साधारणपणे राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो, संविधानाचं कलम २६६. म्हणजे पार्काचं तिकीट तिथे गेलं की ते रजिस्ट्रीच्या आणि दारूच्या महसुलात मिसळून गेलं, परत कुठे जाईल ते बजेट ठरवणार. अशा ठिकाणी तुम्ही तिकीट दुप्पट केलंत तरी जंगलाला एक जादा टॉर्चही मिळेल याची गॅरंटी नाही. म्हणून "संवर्धनासाठी फी वाढवा" असं म्हणणाऱ्याने आधी खातं दाखवायचं, नाहीतर तो फक्त फी वाढवा म्हणतोय.

व्याघ्र प्रकल्पांना यातून वाट मिळालीये. २००६ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ३८ एक्स आलं, त्यात प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी राज्याने टायगर कन्झर्वेशन फाउंडेशन काढायचं असं आहे, आणि त्या फाउंडेशनच्या कामांत प्रवेश फीचा पैसा पुन्हा त्याच प्रकल्पासाठी वळवणं हे चक्क लिहिलेलं आहे. ताडोबा, मेळघाट, पेंच ही सगळी त्याच रस्त्याने जातात. पण बोरिवलीचं पार्क व्याघ्र प्रकल्प नाही, सफारीच्या पिंजऱ्यात वाघ असला म्हणून काय झालं, त्यामुळे ३८ एक्स इथे आपोआप लागू होत नाही. इथे वेगळी नोंदणीकृत संस्था किंवा स्वतंत्र निधी आणि त्याचा जीआर (शासन निर्णय) लागतो. महाराष्ट्रात याचं उदाहरण आहेच, कांदळवनांसाठी मँग्रोव्ह फाउंडेशन आहे, म्हणजे हे अशक्य वगैरे काही नाही.

अमेरिकेत २००४ च्या कायद्याने साधारण नियमच केलाय की पार्कात गोळा झालेल्या फीपैकी किमान ८० टक्के रक्कम त्याच पार्काकडे राहील. तुमच्या निवेदनात असा एक टक्का मागा. ८० मागा, वाटाघाटीत कमी होईल तो होईल, पण टक्का लिहून घ्या. "योग्य तो भाग" असलं काही छापलं गेलं तर समजा काहीच मिळालं नाही.

आणि अजून एक ओळ, जी बहुतेक सगळे विसरतात: हा पैसा शासनाच्या नेहमीच्या तरतुदीच्या वर असेल, तिच्या बदल्यात नाही. कारण होतं काय, फीतून चांगले पैसे यायला लागले की वित्त विभाग म्हणतो तुमचं तर छान चाललंय, आणि पुढच्या वर्षी बजेट तेवढंच छाटतो. मग पब्लिकने जास्त दिलं, जंगलाला पहिल्याइतकंच मिळालं, आणि वाचले ते सरकारचे.

कुठल्या खात्यात जातं हे माहिती नसेल तर आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, टाका. दहा रुपये, राज्याचं ऑनलाइन पोर्टल आहे, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसणारा लागतो म्हणून निबंध लिहू नका. मागायचं काय ते नेमकं: मागच्या पाच वर्षांतली महिन्यानुसार तिकीटविक्री प्रकारानुसार (प्रौढ, मूल, पास, वाहन, सफारी, कॅमेरा), जमा रक्कम कुठल्या लेखाशीर्षात गेली ते, आणि पर्यटनावर झालेला खर्च. हे तीन तक्ते हातात असले की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढून बोलतो.

खर्चाचे दोन ढीग करा

आता खर्च. इथे प्रामाणिक राहायचं असेल तर दोन वेगळे ढीग करावे लागतात. पहिला ढीग आपल्यामुळे होणारा खर्च: गेटवरचा स्टाफ, संडास, कचरा उचलणं, रस्ता, पार्किंगमधली शिट्टीवाली माणसं, वनराणी मिनी ट्रेन, बोर्ड, हरवलेली पोरं शोधणं. दुसरा ढीग जंगलाचा: गस्त, वणवे लागायच्या आधी उन्हाळ्याच्या तोंडावर जाळरेषा काढणं, शिकाऱ्यांनी लावलेले फासे शोधून काढणं, कॅमेरा ट्रॅप, पाणवठे, बाहेरून आलेल्या झाडाझुडपांची तण काढणी, हद्दीची भिंत, बिबट्याची रेस्क्यू टीम आणि तिची गाडी.

तिकिटातून आधी पहिला ढीग निघायला हवा. तो निघाला नाही तर उलटच होतं, जंगलाच्या बजेटमधून आपल्या पिकनिकला सबसिडी मिळते. आणि निघाल्यावर जे उरतं तेवढंच "संवर्धनासाठी", बाकी सगळी जाहिरात. म्हणून एकूण गल्ला किती झाला यावर कधीच खूश व्हायचं नाही, निव्वळ किती उरलं ते विचारायचं.

एक काल्पनिक हिशोब करून बघा, आकडे सगळे समजा वाले आहेत. वर्षाला १० लाख लोक, तिकीट ५० रुपये, गल्ला ५ कोटी. पर्यटकांवर खर्च साडेतीन कोटी. उरले दीड कोटी. आता तिकीट ६५ केलं, थोडे लोक गळले, आले ९ लाख २० हजार. गल्ला ५ कोटी ९८ लाख. माणसं कमी म्हणून पर्यटकांचा खर्चही जरा खाली, ३ कोटी ४० लाख धरा. उरले २ कोटी ५८ लाख. तिकीट वाढलं ३० टक्के पण जंगलाच्या वाट्याचा पैसा वाढला ७२ टक्के. हे गणित निवेदनाच्या पहिल्याच पानावर टाका, कारण "फक्त पंधरा रुपयांनी काय होणार" ह्या प्रश्नाला उत्तर हेच आहे. आणि उलट दिशेने पण बघा, तिकीट तेच ठेवून पर्यटकांवरचा खर्च ३० लाखांनी वाढला, नवीन गेट, नवीन सेल्फी पॉइंट, फुलपाखराचा पुतळा, तर तेवढे ३० लाख जंगलातून गेले. सेल्फी पॉइंट फुकट नसतो.

दुसऱ्या ढिगाचा सगळा भार तिकिटावर टाकायचा का? माझं मत, नाही. विहार आणि तुळशी हे दोन्ही तलाव पार्काच्या हद्दीत आहेत, विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, दोन्हींचं पाणी महापालिकेच्या पुरवठ्यात जातं. म्हणजे जो माणूस आयुष्यात कधी पार्कात पाऊल टाकणार नाही तोही जंगल वापरतोय, नळातून. शहराला लागून १०३-१०४ चौरस किलोमीटर जंगल असण्याचा फायदा सगळ्या शहराला, आणि बिल मात्र फक्त दहिसरहून रविवारी पोरांना घेऊन आलेल्या बाईच्या हातात, हे काही बरोबर नाही. फीचं काम टॉप-अपचं.

शिवाय फी हा पैसा बेभरवशाचा आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गेट बंद होतं, खिडकीवर शून्य, पण वणवा, फासे, बिबटे यांना लॉकडाऊन नव्हता. जगभर ज्या पार्कांचा संसार पर्यटनावर चालायचा त्यांचे तेव्हा फार हाल झाले. म्हणून सोसायटीत जसा सिंकिंग फंड बाजूला पडतो तसा फीचा एक भाग दरवर्षी बाजूला टाकायची अट घाला. किती, तर निदान सहा महिने गस्त चालेल एवढा साठेपर्यंत.

एक तिकीट नको, रेटकार्ड बनवा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळ्यांना एकच दर, आणि वाढवायचं झालं तर तोच वाढवायचा. लोक वेगवेगळ्या कारणांनी येतात, त्यांची ऐपत वेगळी, त्यांचा जंगलावरचा भारही वेगळा. माझा साधा नियम असा आहे: पायी येणाऱ्याचं तिकीट स्वस्त ठेवा, आणि जे जे जास्तीचं आहे ते महाग करा.

पायी तिकीट हे मुंबईत खास का आहे ते सांगते. मुंबईत मोकळी जागा किती आहे ते आपण बघतोच. चाळीत, एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या घरासाठी बोरिवली स्टेशनला उतरून चालत जाता येतं असं हे जंगल आहे. ताडोब्याला जाणारा माणूस रेल्वे, रिसॉर्ट, जिप्सी, गाइड मिळून हजारो रुपये घालवतो, त्यात प्रवेश फीत शंभरएक इकडेतिकडे झाले तर त्याला कळणारही नाही. इथे चौघांच्या कुटुंबाचा दिवसाचा सगळा खर्चच लोकल, वडापाव आणि तिकीट एवढा असतो, त्यात तिकीट वाढलं की लगेच जाणवतं. म्हणून परदेशातली उदाहरणं उचलताना जपून. रवांडाने २०१७ मध्ये गोरिला परमिट ७५० वरून १५०० डॉलर केलं, आणि त्यासोबत आसपासच्या गावांना मिळणारा पर्यटन महसुलाचा वाटा ५ वरून १० टक्के केला. भारी काम, पण तिथे एका गोरिला कुटुंबाला दिवसातून आठच माणसं तासभर भेटतात आणि ती माणसं अर्धं जग ओलांडून आलेली असतात. गॅलापागोसने ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढांची फी १०० वरून २०० डॉलर केली, तेही चालून गेलं कारण तिथवर पोचायलाच त्याच्या कितीतरी पट लागतात. कांदिवलीच्या माणसाला हे लागू नाही.

उलट कोस्टा रिकाचा किस्सा लक्षात ठेवण्यासारखा. १९९४ मध्ये त्यांनी परदेशी लोकांची फी सव्वा डॉलरवरून एकदम १५ डॉलर केली. टूरवाले भडकले, पार्कात येणारे परदेशी घटले, आणि १९९६ ला फी ६ डॉलरवर आणावी लागली. इंडोनेशियात कोमोडोला २०२२ मध्ये साडेसदतीस लाख रुपिया फी लावायला निघाले, स्थानिक गाइड-बोटवाल्यांनी कामच बंद केलं, आणि शेवटी तो निर्णय गुंडाळला. आकडा चुकला ही एक गोष्ट, पण ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना विचारलंच नाही ही मोठी.

आता जास्तीचं म्हणजे काय काय, तर सगळ्यात आधी गाड्या. खासगी गाडी जंगलात जितकी आत जाईल तितका धूर, हॉर्न, रस्त्यावर चिरडलेले साप-बेडूक. वाहनाचा दर हा माणसाच्या तिकिटाच्या कितीतरी पट असावा, आणि आतली बस, भाड्याची सायकल स्वस्त असावी, जेणेकरून आतल्या कान्हेरी लेण्यांना जाणारा माणूस आपणहून बसकडे वळेल. मग सफारी, ती एक करमणूक आहे, तिचा दर तिच्या पूर्ण खर्चाएवढा आणि वर थोडा नफा असा ठेवायला हरकत नाही. मग शूटिंग. ही तर मुंबईची लॉटरी आहे, फिल्मसिटी पार्काला लागूनच, आणि प्रीवेडिंगवाल्यांना झाड दिसलं की चैन पडत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ मध्ये अभयारण्यात प्रवेशाचा परवाना कशाकशासाठी देता येतो त्याची यादी आहे, फोटोग्राफी त्यात आहे, २०२२ च्या दुरुस्तीत अधिवासाला धक्का न लावता फिल्म बनवणंही आलं, आणि परवान्यासाठी फी घेता येते. कलम ३५ मुळे हेच राष्ट्रीय उद्यानालाही लागू. तेव्हा कमर्शियल शूटचा दर ताशी लावा, क्रूच्या संख्येप्रमाणे लावा, आणि सोबत डिपॉझिट घ्या जे कचरा दिसला तर परत मिळणार नाही. मोबाइलवर फोटो काढणाऱ्याला मात्र छळू नका, त्याच्याकडून वसुली करायला माणूस ठेवला तर त्याचा पगारच जास्त होईल.

परदेशी पर्यटकांना वेगळा दर ठेवावा का? ठेवा, जगभर ठेवतात. कान्हेरी लेण्यांवर पुरातत्त्व खात्याचं वेगळं तिकीट आहे, भारतीयांना २५ आणि परदेशी लोकांना ३००, पंधराच्या खालच्या मुलांना फुकट. पण बोरिवलीच्या गेटवर रांगेत उभं राहून बघा परदेशी चेहरे किती दिसतात ते, त्यांच्या भरवशावर बजेट बांधू नका. आणि हो, कान्हेरीला जाणारा माणूस एकदा पार्काला देतो आणि परत वर लेण्यांवर देतो, त्याच्या डोक्यात ती एकच बेरीज असते. तुमचा दर ठरवताना ती बेरीज धरा.

आता नाजूक विषय, मॉर्निंग वॉकवाले काका-काकू. हे पार्कात वर्षभर येतात, ह्यांचा वार्षिक पास असतो, दर फेरीला भागलं तर फारच स्वस्त पडतो, आणि फीवाढीविरुद्ध सगळ्यात मोठा आवाजही ह्यांचाच. पण पार्कात काही वाईट घडलं, कुणी फांद्या तोडतंय, कुत्र्यांची टोळी आत घुसली, तर पहिली बातमी देणारेही हेच. मला वाटतं पासचा दर साध्या तिकिटाच्या पंचवीसएक पट असावा, ज्येष्ठांना सवलत, आणि ती सवलत आधार दाखवून खिडकीवर, नुसतं केस पांढरे बघून नाही. कार घेऊन फिरायला येणाऱ्याला पासमध्ये पार्किंग फुकट देऊ नका, कुणी काही म्हणो.

पालिका शाळेच्या सहली फुकट. त्यावर वाद नको.

आणि पार्कातल्या आदिवासी पाड्यांवरच्या लोकांचं काय, तर त्यांना फी हा विषयच नाही, ते तिथे राहतात. पण त्यांच्याकडे लग्नाला, आजारपणाला येणाऱ्या पाहुण्यांना खिडकीवर अडवलं जाऊ नये हे रेटकार्डमध्ये स्पष्ट लिहून घ्या. कलम २८ मध्ये पर्यटनाव्यतिरिक्त, आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर कामासाठी जाणं हेही कारण दिलेलंच आहे. तसंच महाशिवरात्रीला कान्हेरीकडे मोठी गर्दी लोटते, त्या दिवशी तिकिटाचा काय नियम ते आधीच ठरवून ठेवा, ऐनवेळी खिडकीवर भांडण नको.

शनिवार-रविवार जादा दर लावायची फॅशन आहे. जिप्सी सफारीला ते ठीक आहे. पण पायी तिकिटाला नको, कारण ज्याला फक्त रविवारच मिळतो तो बहुधा सगळ्यात कमी कमावणारा असतो, आणि वर्किंग डेला पार्कात येऊ शकणारा माणूस तसा निवांतच. गर्दी मोडायची असेल तर उलट करा, मंगळवार ते शुक्रवार दुपारी सवलत द्या (सोमवारी पार्क बंदच असतं), आणि रविवारचा जादा दर फक्त गाड्यांना.

लोकांना विचारायचं, पण "किती द्याल?" असं नाही

फी वाढली तर किती लोक गळतील हे अंदाजाने सांगू नका, विचारा. पण "तुम्ही किती द्याल" असं विचारलंत तर अर्धे लोक दहा सांगतील कारण त्यांना वाटतं आपण सांगू तेच लागेल, आणि बाकीचे मित्रांसमोर रुबाब म्हणून पाचशे. त्यापेक्षा चिठ्ठ्या करा, चार दर, समजा ६०, ८०, १०० आणि १५०. प्रत्येकाला एकच चिठ्ठी, कुठली ती नशिबाने. त्यावर एकच प्रश्न: तिकीट एवढं झालं तर आज आला असतात का, हो की नाही. मग प्रत्येक दराला किती टक्के हो आले ते मांडा, की तुमच्यासमोर गळतीचा उतार आपोआप उभा राहतो. कुठल्या दराला कोण गळतंय ते पण बघा, म्हणजे चिठ्ठीमागे पिनकोड, कशाने आलात आणि येण्या-जाण्याचा खर्च किती हे लिहून घ्या. लोक येण्यासाठी किती खर्च करतात त्यावरून जागेची किंमत काढायची ही कल्पना हॅरॉल्ड हॉटेलिंग नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसला पत्रातून सुचवली होती, आजही जगभर तीच वापरतात, आणि त्याला लागतं काय तर पिनकोड आणि भाडं.

फक्त गेटवर सर्व्हे केला की एक घोळ होतो. ज्यांना आत्ताचंच तिकीट परवडत नाही ते गेटवर नसतातच ना! म्हणून अर्ध्या चिठ्ठ्या बाहेर भरा, पार्काच्या कडेच्या वस्त्यांत, म्हणजे दामूनगरला, केतकीपाड्याला, आणि स्टेशनबाहेर. ही अर्धी बाजू नसली तर तुमचा सर्व्हे नेहमी "वाढवा वाढवा" असंच सांगेल.

सर्व्हे सुट्टीच्या दिवशी आणि कामाच्या दिवशी दोन्हीकडे करा, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगवेगळा. ऑनलाइन फॉर्म नको, तो फक्त आपल्याच ग्रुपमध्ये फिरतो.

वाढ कधी आणि किती

भायखळ्याच्या राणीच्या बागेचं आठवतंय? वर्षानुवर्षं ५ रुपये होते, २०१७ मध्ये पेंग्विन लोकांना बघायला खुले झाले आणि प्रौढांना एकदम ५० झाले, मुलांना २५, आई-बाप आणि दोन मुलं असं कुटुंब असेल तर १००. दहापट म्हटल्यावर बोंब झालीच. आता बघितलं तर ५० काही फार नाही, आणि कुटुंबाचं शंभरचं पॅकेज मला चांगलंच वाटतं. पण इतकी वर्षं हात न लावता ठेवलं म्हणून ती उडी मारावी लागली. दरवर्षी थोडं थोडं वाढलं असतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

तेव्हा निवेदनात सूत्र मागा: दर दोन किंवा तीन वर्षांनी महागाईप्रमाणे वाढ, आणि आकडा जवळच्या पाच-दहाला गोल करा. गोल करणं गमतीत घेऊ नका, ६७ रुपये तिकीट ठेवलं की रविवारी अकरा वाजता सुट्ट्यांवरून रांग हायवेपर्यंत जाते आणि यूपीआयचं नेटवर्क त्याच वेळी झोपतं. वाढ जाहीर करून तीन महिन्यांनी लागू करा, शक्यतो एप्रिलपासून, मे महिन्याच्या सुट्टीत मध्येच नको. आणि राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशावर जीएसटीची सूट आहे, त्यामुळे तुमच्या हिशोबात तो धरून बसू नका.

अमेरिकेत २०१७ मध्ये सतरा मोठ्या पार्कांत सीझनला ७० डॉलर फी करायचा प्रस्ताव आला होता, लोकांच्या एक लाखाहून जास्त हरकती आल्या, आणि २०१८ मध्ये तो मागे घेऊन सगळीकडे छोटी छोटी वाढ केली. म्हणजे हरकती वाचल्या जातात कधीकधी. आपल्याकडेही लिहा.

एक धोका मात्र दोन्ही बाजूंनी बोलून ठेवायला हवा. पार्काचा खर्च तिकिटावर चालायला लागला की पार्काला माणसं हवीशी वाटायला लागतात. मग "यंदा विक्रमी गर्दी" ही आनंदाची बातमी होते. व्याघ्र प्रकल्पांत हा गोंधळ सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, २०१२ च्या जुलैत कोअरमधलं, म्हणजे जंगलाच्या गाभ्यातलं, पर्यटनच थांबवलं होतं, ऑक्टोबरमध्ये परत सुरू झालं ते एनटीसीएच्या (राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या) गाइडलाइन्स घेऊन, त्यात पर्यटन कोअरच्या २० टक्क्यांपुरतं मर्यादित आणि पर्यटन उद्योगाकडून संवर्धन शुल्क. बोरिवलीतही दिवसाला जास्तीत जास्त किती गाड्या आणि किती सफारी फेऱ्या हा आकडा फीच्या जीआरमध्येच बांधून घ्या, वेगळ्या कागदावर नको. वेगळा कागद हरवतो.

कागद कुणाकडे

निवेदन पार्काच्या संचालकांना, प्रत मुख्य वन्यजीव रक्षकांना नागपूरला, कारण कलम २८ चे परवाने त्यांच्या अधिकारात येतात, आणि एक प्रत मंत्रालयात वन विभागाच्या सचिवांना. स्थानिक आमदाराला पण द्या, निधीच्या जीआरला तिकडूनच धक्का लागतो. दोन पानांच्या वर जाऊ नका, मागे तक्ते जोडा. पहिल्या पानावर क्रम असा ठेवा: पैसा कुठल्या खात्यात, किती टक्के पार्कात राहणार, कशावर खर्च होणार, रेटकार्ड, आणि शेवटी वाढीचं सूत्र. "कशावर खर्च" मध्ये "संवर्धन व विकास" असं मोघम चालू देऊ नका, कारण "विकास" मध्ये फरशी पण बसते. गस्त, जाळरेषा, रेस्क्यू, रोजंदारी वनमजुरांचे पगार वेळेवर, पाड्यांवरच्या पोरापोरींना गाइडचं ट्रेनिंग, असं नाव घेऊन लिहा. गेटवर बोर्ड मागा, मागच्या वर्षी किती आले, पर्यटकांवर किती गेले, जंगलात किती गेले, तीन ओळी, मराठीत.

फी लागू झाली की काम संपलं असं समजू नका, पुढच्या आर्थिक वर्षानंतर परत आरटीआय टाका, तेच तीन तक्ते मागा. एप्रिलमध्ये टाकू नका, "लेखे अजून अंतिम झालेले नाहीत" असं उत्तर येतं आणि तुमचे दहा रुपये जातात. जुलैच्या आसपास टाका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, त्याचे वेगळे वीस रुपये, आणि अर्जाची पोच जपून ठेवा, अपिलाला तीच जोडायची असते.